वडील मुलगा

कीथलीत नोव्हेंबर आला की साडेचारलाच दिवे लागतात.
मिर्याम शाळेचा स्वेटर न काढताच
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते,
पाय लोंबकळत, मोजे ओले.
मी बस डेपोत लावून आलेला,
हातांत अजून स्टिअरिंगची थरथर.
एस्तेर केअर होमला, रात्री दहापर्यंत.

शाळेत ही गप्प असते. टीचर म्हणाल्या,
घरी वाचून घ्या, कुठल्याही भाषेत, चांगलंसं काही.
चांगलंसं म्हणून मी ट्रंकेतून हे काढलं:
जालन्याच्या रविवार-शाळेतलं बक्षीस,
ब्राउन पेपरचं कव्हर,
आत येशूच्या गोष्टी, मोठ्या टायपात.
पहिल्या पानावर एक नाव खोडलेलं. खाली माझं.

हरवलेलं मेंढरू तिला चार दिवसांत आलं.
फक्त मेंढपाळाला मेंढपाल म्हणते.
जीभ मागे वळव, मी सांगतो,
शेवटच्या स्टॉपवर बस वळवतात तशी.
जक्कय उंबरावर चढला, तिथे अडली.
उंबर म्हणजे?
मी खिडकीतून समोरचा सिकमोर दाखवला.
इंग्रजी पुस्तकात याचं नाव आहे. पण याला उंबरं येत नाहीत,
आणि खरं झाड तिसरंच असणार.
बुटक्या माणसाला काय, चढता आलं म्हणजे झालं.
तिने बाहीने काचेवरची वाफ पुसली
आणि खालची फांदी किती उंच ते पाहून ठेवलं.

मग उधळ्या मुलाची गोष्ट.
डुकरं तिला फार आवडली.
त्यांच्या शेंगा शेवग्याच्या का, हे मला सांगता आलं नाही.
बाप धावत येतो. अंगठी, वहाणा, वासरू, वाजंत्री.
वाजंत्रीशी मी थांबायचो.
पुढची दोन पानं स्टेपलरने टाचलेली होती.
संपली, म्हणायचो. चल, दात घास.

काल मी पाठमोरा, डाळीला फोडणी देत होतो.
मागून आवाज आला, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा:
व-डी-ल मु-ल-गा शे-ता-त.
टेबलावर वाकड्या झालेल्या चार पिना.
बाबा, वडील मुलगा कसा असेल?
वडील म्हणजे तर तू.
वडील म्हणजे थोरला, म्हटलं. आधी जन्मलेला.
तू आहेस तसा?
मी आहे तसा.

बोट ओळीवरून सरकत राहिलं.
थोरल्याला वाजंत्री ऐकू आली.
तो रा-गा-व-ला. जोडाक्षर नाही, सोपं गेलं.
तो आत जाईना.

मी तिला सांगितलं नाही
की आमोस परत आला त्या रात्री अण्णांनी मटण आणवलं,
शेजारच्यांनाही बोलावलं,
आणि मी फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिलो,
इंजिन चालू ठेवून.
जमीन त्याने विकली होती. सही माझीही होती.
गोष्टीत दूर देशी धाकटा जातो.
आमच्यात मी आलो. अकरा वर्षं झाली.

तिने पान उलटलं. मागे कोरं.
मग तो आत गेला का?
लिहिलेलं नाही.
पान फाटलंय?
नाही गं. गोष्ट इथेच थांबते.
बाप बाहेर आलाय, समजूत घालतोय, एवढंच.
तिला हे मुळीच पटलं नाही.
बाहेर थंडी असणार, म्हणाली.

डाळ खाली लागली. तशीच खाल्ली.
खाता खाता तिने पुस्तक पुन्हा ओढलं, पहिलं पान,
दिव्याकडे तिरकं धरून,
खोडलेल्या शाईच्या आतून अक्षरं काढली:
आ. मो. स.
हा कोण?

मी घड्याळाकडे पाहिलं.
जालन्यात बारा वाजून गेले असतील.
तो उशिरापर्यंत जागतो.
म्हणजे, जागायचा.